विश्लेषण : दिव्यांगांच्या लग्नाला अनुदान, मग डेटिंगला आडकाठी का?

समजा, भाईंदर पूर्वेला राहणारी, व्हीलचेअर वापरणारी पंचविशीतली एक तरुणी आहे. ॲपवर ओळख झालेला तरुण म्हणतो, ‘रविवारी जेसल पार्कच्या चौपाटीवर भेटू.’ चौपाटी घरापासून जवळच आहे. पण इमारतीच्या तीन पायऱ्या उतरवायला भाऊ लागतो, व्हीलचेअर घडी करून रिक्षात ठेवायला कुणीतरी लागते आणि परततानाही तेच. म्हणजे पहिल्या भेटीची बातमी भेटीआधीच घरभर होते.

अडचण नेमकी कुठे?

दिव्यांगांना आकर्षण, प्रेम, शरीरसुखाची इच्छा नसतेच, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात कमी पडतो तो खासगीपणा. इतर तरुण ‘मित्राकडे जातो’ म्हणून निघू शकतात. मदतीवर अवलंबून असलेल्याला ती सोय नाही. अंध तरुणाचा फोन आलेला मेसेज मोठ्याने वाचतो. छोट्या घरात इअरफोन नसेल तर तो सर्वांनाच ऐकू जातो. शिवाय फोटोंवर चालणारी डेटिंग ॲप त्याच्या फारशी कामाची नसतात.

सरकार काय करते?

राज्यात २०१४ मध्ये दिव्यांग आणि अव्यंग व्यक्तींच्या विवाहासाठी प्रोत्साहन योजना आली. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीशी अव्यंग व्यक्तीने लग्न केल्यास तेव्हा ५० हजार रुपयांचे साहाय्य ठरले होते. संसाराला हातभार लागतो, हे खरेच. पण दिव्यांग जोडीदार निवडणे म्हणजे त्याग, असा संदेशही त्यातून जाऊ शकतो. आणि लग्नाआधी एकमेकांना भेटायचे कुठे, याचे उत्तर त्यात नाही.

कायदा काय सांगतो?

भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात विवाह, कुटुंब आणि नातेसंबंधांत भेदभाव नको, असे म्हटले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील कलम १० नुसार प्रजनन व कुटुंब नियोजनाची माहिती मिळणे हा हक्क आहे. संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी शस्त्रक्रिया करता येत नाही. या तरतुदीचे मोल महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतील बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली होती. मासिक पाळीतील स्वच्छता त्यांना सांभाळता येत नाही, हे कारण दिले गेले. महिला संघटनांच्या विरोधानंतर त्या शस्त्रक्रिया थांबल्या.

यावर कोणी बोलते का?

मुंबईच्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. ‘वन लिटल फिंगर’ या आत्मकथनाच्या त्या लेखिका. त्यांच्या नात्यातील बहीण (कझिन) शोनाली बोस यांनी त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ (२०१४) हा चित्रपट केला. सेरेब्रल पाल्सी असलेल्या तरुणीची लैंगिक ओळख हाच त्याचा विषय. दृष्टिहीन कार्यकर्त्या निधी गोयल स्टँड-अप कॉमेडीतून हेच पूर्वग्रह उघडे पाडतात. दिव्यांगांसाठी २०१६ मध्ये आलेले ‘इन्क्लोव्ह’ हे डेटिंग ॲप मात्र काही वर्षांतच बंद पडले.

घरच्यांची भीती खोटी आहे का?

नाही. फसवणूक आणि अत्याचाराचा धोका खराच आहे. पण शरीराची, संमतीची आणि ‘नाही’ म्हणण्याच्या हक्काची माहितीच दिली नाही, तर काही वाईट घडले तरी ते सांगायला शब्द नसतात. बौद्धिक दिव्यांगांच्या बाबतीत हे अधिकच खरे. म्हणून सोप्या भाषेत, वेळेत बोलणे हेच संरक्षण.

भेटायचे ठरले तर?

दिव्यांगत्व प्रोफाइलवर लिहायचे की गप्पांत सांगायचे, हा ज्याचा त्याचा निर्णय. भेटण्यापूर्वी मात्र रॅम्प, स्वच्छतागृह, बसण्याची जागा यांबद्दल मोकळेपणाने विचारावे. पहिली भेट वर्दळीच्या ठिकाणी ठेवावी, एका विश्वासू व्यक्तीला कळवावे, पैसे मागितले तर सावध व्हावे. मदतीला आलेल्याने थोडे दूर बसावे. घरी खोलीत शिरण्यापूर्वी दार वाजवावे.

आणि त्या तीन पायऱ्या? सोसायटीच्या पुढच्या सभेत रॅम्पचा विषय निघाला, तर त्याकडे केवळ दवाखान्यात जाण्याची सोय म्हणून पाहू नये. त्या तरुणीला रविवारी संध्याकाळी भावाला हाक न मारता बाहेर पडता येईल, एवढे कारणही पुरेसे आहे.