हरणाऱ्या टीमची माणसं

जिंकणाऱ्या टीमला चाहते मिळतातच हो! वर्ल्ड कप आला की गल्लीगल्लीत फटाके वाजतात, ज्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही त्याही मिठाई वाटतात. पण जी टीम हरते, परत हरते आणि पुढच्या शनिवारीही हरणार हे अख्ख्या गावाला माहीत असतं, तिच्यासाठी डबा बांधून घरातून निघणारी माणसं कोण असतात? मैत्रिणींनो, त्यातली एक मी. आणि टीम कसली, तर अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फुटबॉलची! हे सांगितलं की आमच्या परभणीतल्या बायका आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या नऊवार वाढलेल्या वजनाकडे बघतात.

झालं असं, की १९८७ च्या जानेवारीत ह्यांच्या संशोधनासाठी आम्ही कॅन्सस राज्यातल्या मॅनहॅटनला गेलो. न्यूयॉर्कमधलं झगमगाटी मॅनहॅटन नव्हे बरं का! हे गाव तेव्हा जेमतेम चाळीस हजार वस्तीचं होतं. भोवती गवताळ टेकड्या आणि पलीकडे गव्हाची शेतं. गावाचा जीव म्हणजे तिथलं कॅन्सस स्टेट विद्यापीठ. १८६३ मध्ये सुरू झालेलं हे मुळात शेतकी कॉलेज. गहू दळण्याचं शास्त्रसुद्धा तिथे पदवीला शिकवतात. ह्यांचं कामही गव्हावरच. मला मात्र काम नव्हतं, गाडी येत नव्हती आणि बोलायला माणूस नव्हतं.

सप्टेंबर उजाडला आणि गाव एकदम जांभळं झालं. दुकानाच्या काचांवर जांभळे झेंडे, बाळांना जांभळी झबली! हा कॉलेजच्या टीमचा रंग. टीमचं नाव वाइल्डकॅट्स, म्हणजे रानमांजरं. सप्टेंबर ते नोव्हेंबर बहुतेक शनिवारी मॅच. आधी स्टेडियमबाहेरच्या मैदानात गाड्यांच्या डिक्या उघडून लोक शेगड्या पेटवतात, भाजतात, एकमेकांना खिलवतात. थेट आपल्या जत्रेसारखं!

हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा तो नाही. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांच्या ताब्यात. थेट पलीकडच्या टोकाला पोचवला की टचडाउन, त्याचे सहा गुण. बाकी अंगावर जाणं, पाडणं, धरून ठेवणं हे आपल्या कबड्डीच्या जवळचं. एवढं समजलं की बाई तीन तास बसू शकते, हे मी अनुभवाने सांगते.

शेजारच्या एक वयस्कर बाई मला पहिल्यांदा घेऊन गेल्या. त्या चाळीस वर्षं मॅचला जात होत्या. मी विचारलं, "आज आपण जिंकणार ना?" त्या इतक्या हसल्या, की पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं!

कारण मी गावात येण्याआधीच, १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये, टीमने शेवटची मॅच जिंकली होती. १९८७ च्या सीझनमध्ये अकरा मॅच झाल्या. दहा हरलो आणि एक बरोबरीत सुटली. ती बरोबरी शेजारच्या कॅन्सस विद्यापीठाशी, १७-१७. १९८८ मध्ये अकराच्या अकरा हरलो. आमचा गट 'बिग एट', म्हणजे आठ विद्यापीठांचा. त्यात ओक्लाहोमा आणि नेब्रास्का यांच्यासारखे देशातले पहिलवान. नेब्रास्काची टीम आली की त्यांचे हजारो लोक लाल कपड्यांत यायचे आणि आमचंच स्टेडियम लाल दिसायचं. आमचा जांभळा ठिपका शोधावा लागायचा.

पुढे १९८९ च्या सप्टेंबरात 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या मोठ्या साप्ताहिकाने आमच्यावर लेख छापला. शीर्षक होतं 'फ्युटिलिटी यू', म्हणजे समजा 'व्यर्थ विद्यापीठ'. वरच्या दर्जाच्या कॉलेज फुटबॉलमध्ये पाचशे पराभवांचा आकडा गाठणारी पहिली टीम आमची. गावाला ते फार लागलं. किराणा दुकानात बायका हळू आवाजात बोलत होत्या, जणू कुणाच्या तरी घरी काही घडलंय.

मग आम्ही जायचो कशाला? मला यामागचं कारण १९८८ मध्ये कळलं.

त्या सीझनमध्ये माझे वडील गेले. फोनवर निरोप आला. ह्यांच्या स्टायपेंडमध्ये लगेच विमानाचं तिकीट काढणं शक्य नव्हतं. मी घरात बसून राहिले. ओळखीचे लोक भेटून गेले. सगळे म्हणायचे, "धीर धर, देव जे करतो ते चांगल्यासाठी." सगळ्यांचं म्हणणं बरोबरच होतं, पण प्रत्येकाला उत्तर देताना चेहरा नीट ठेवावा लागायचा. शनिवारी शेजारच्या बाईंनी दार वाजवलं. एवढंच म्हणाल्या, "आज थंडी आहे, जाड कोट घाल."

स्टेडियम निम्मंअधिक रिकामं. आमच्या रांगेत नेहमीची पाच-सहा माणसं. एक निवृत्त शाळामास्तर, एक शेतकरी नवरा-बायको आणि आम्ही. त्यांना सगळं कळलं होतं. कुणी विषय काढला नाही. शेतकरीणबाईंनी त्यांचं ब्लँकेट माझ्या गुडघ्यांवर ओढलं, मास्तरांनी थर्मासमधली कॉफी दिली. टीम नेहमीप्रमाणे हरत होती. मी रडत होते. तिथे रडणारं माणूस विचित्र दिसत नव्हतं. कुणी मला हसायला लावलं नाही, काही शिकवलं नाही. चौथा भाग संपेपर्यंत कुणी उठलंही नाही. दुसऱ्या शनिवारी मी कॉर्नफ्लेक्सचा चिवडा करून घेऊन गेले. त्या दिवसापासून माझी जागा ठरून गेली.

तिथे एक धून वाजते, 'वाबाश कॅननबॉल'. बँड सुरू झाला की सगळे रांगेने मागे-पुढे डोलतात. मला मास्तरांनी तिची गोष्ट सांगितली होती. १९६८ च्या डिसेंबरात कॉलेजच्या जिमला आग लागली. बँडची वाद्यं, स्वरलिपीचे कागद, सगळं जळालं. उरली ती ही एकच धून, कारण तिचे कागद बँडमास्तर आपल्या बॅगेत घरी घेऊन गेले होते. पुढच्याच मॅचला उसन्या वाद्यांवर तीच वाजवली. जे उरलं ते वाजवायचं! तेव्हापासून ती त्या कॉलेजची झाली.

१९८८ च्या नोव्हेंबरात नवे कोच आले, बिल स्नायडर. कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा बदल इथेच घडू शकतो, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. गावाने मान डोलावली आणि मनात म्हटलं, बघू. या माणसाला आईने एकटीने वाढवलं होतं. ती दुकानात नोकरी करायची आणि मायलेक छोट्याशा घरात राहायचे. मला हे कळलं तेव्हा तो माणूस एकदम आपल्यातला वाटला. मुलांपुढे त्यांनी सोळा उद्दिष्टं ठेवली. त्यात मॅच जिंकण्याचा आकडा नव्हता. बांधिलकी, निःस्वार्थीपणा, एकी, रोज थोडी सुधारणा, अशी घरातल्या आजीने सांगावी तशी ती यादी.

तरी १९८९ च्या पहिल्या तिन्ही मॅच गेल्या. सलग तीस मॅच विजयाशिवाय! मग ३० सप्टेंबरला नॉर्थ टेक्सासशी मॅच. शेवटच्या मिनिटांत आम्ही १४-१७ ने मागे होतो. घड्याळ संपता संपता कार्ल स्ट्रॉने चेंडू फेकला, फ्रँक हर्नांडेझने टोकाला झेलला, आणि २०-१७! क्षणभर कुणाला कळेचना काय करायचं. जिंकल्यावर काय करतात ते आम्ही विसरलो होतो. मग माणसं मैदानात धावली. शेजारच्या बाई मात्र बसूनच होत्या, रुमाल तोंडाला लावून.

त्या वर्षी तेवढी एकच जिंकली. पण पुढच्या वर्षी पाच, त्याच्या पुढच्या वर्षी सात. १९९३ मध्ये कॉपर बोल या सामन्यात वायोमिंगला ५२-१७ ने हरवलं. कॉलेजच्या इतिहासातला तसला पहिला विजय. १९९८ मध्ये नेब्रास्कालाही ४०-३० ने लोळवलं, १९६८ नंतर पहिल्यांदा! स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसायची. आमची पाच-सहा माणसंही विखुरली. मास्तर तोवर राहिले नव्हते. कुणी मुलांकडे दुसऱ्या राज्यात गेलं. गर्दी, झेंडे, गाणी, सगळं होतं. पण मला आठवायची ती रिकामी रांग आणि ते ब्लँकेट.

१९९९ मध्ये आम्ही परभणीला परत आलो. स्नायडर २०१८ नंतर निवृत्त झाले, स्टेडियमला २००५ पासून त्यांच्या कुटुंबाचं नाव आहे. २०२२ मध्ये टीमने गटाचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा पहाटे लेकीने मोबाइलवर स्कोअर दाखवला. ३१-२८, तेही जादा वेळेत. २०२१ पासून तिथल्या कॉलेज खेळाडूंना नावाचे आणि जाहिरातींचे पैसे मिळू लागले आहेत. मुलं एका कॉलेजातून दुसऱ्यात सहज जातात. अंग मोडून खेळतात, त्यांना चार पैसे मिळावेत, यात वावगं काहीच नाही. बाकड्यावरच्या माणसांचं काम मात्र तेच राहिलं आहे.

आपल्याकडेही असतं हो हे. तालुक्याला कबड्डीच्या मॅचला गेलेल्या मुली पहिल्याच फेरीत हरून परत येतात, तेव्हा एसटी स्टँडवर त्यांना घ्यायला कोण असतं? जिंकून आल्या तर सरपंच, हार, फोटो, पेपरात नाव! हरून आल्या तर एकटे पीटीचे सर आणि पिशव्यांचं ओझं. गेली काही वर्षं आमच्या भागातल्या मुलींसाठी आम्ही तिघी-चौघी स्टँडवर जातो. काही बोलत नाही. "कसं काय हरलात गं?" असं तर मुळीच विचारत नाही. पिशव्या हातात घेतो, चिवड्याचा डबा उघडतो. मुली पहिल्यांदा मान खाली घालून खातात. डबा अर्धा संपला की त्यांचं त्यांनाच बोलायचं असतं, पुढच्या वर्षी कुणाला कसं पकडायचं ते.