सपाट देशातली सायकल बिरसाच्या चढावर

माझे बाबा बिरसाला राहतात. बालाघाटहून घाट चढून बैहरच्या पठारावर आलं की आमचा भाग लागतो. पलीकडे मलाजखंडची तांब्याची खाण, आजूबाजूला मैकलच्या टेकड्या. रस्ता सतत वर-खाली. सत्तरीतल्या बाबांचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा नेदरलँड्समधून कायमचा परत आलेल्या माझ्या भावाने घरसामानाबरोबर जहाजाने आलेली आपली इलेक्ट्रिक सायकल त्यांना दिली.

पंधरा दिवसांत ती ओसरीवर उभी राहिली. "मोटर आहे, पण चढावर ढकलावीच लागते," बाबा म्हणाले. सायकल गेली की शेतावर जायला दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहायची, हे त्यांना नको होतं आणि आम्हालाही.

दोष सायकलचा नव्हता. ती सपाट देशासाठी जुळवलेली होती. मोटर पेडलजवळ, म्हणजे तिची ताकदही त्याच चेनमधून मागच्या चाकाला जाते. गिअर मागच्या हबच्या पोटात, तीनच. (असे हब काही आजचे नाहीत. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब 1902-03 च्या सुमारास इंग्लंडात नॉटिंगहॅमला आला. त्यामागचं बरंचसं डोकं विल्यम रायलीचं, नाव मात्र दुसऱ्या दोघांचं लागलं!)

शिमानोच्या या तीन गिअरच्या हबमध्ये पहिला गिअर सुमारे 0.73, दुसरा 1 आणि तिसरा 1.36 पट असतो. हे आकडे बदलता येत नाहीत. बदलता येतात ते बाहेरचे दाते. आमच्याकडे पुढे 38 आणि मागे 18 दाते होते. पहिल्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 3.4 मीटर जायची. चढावर ताशी 8 किलोमीटरने जाताना मिनिटाला जेमतेम 39 फेरे होत. एवढ्या मंद फेऱ्यांत गुडघ्यावर जोर येतो आणि मोटरही धापा टाकते, तापते, बॅटरी खाते.

मागे 22 दातांची चक्री बसवली की तोच फेरा 2.8 मीटरचा होतो आणि फेरे 48 वर जातात. पण एक गोष्ट आधी पाहा. मागची चक्री मोठी केली की हबच्या आतल्या दातांवर पीळ वाढतो, म्हणून कंपन्या पुढच्या-मागच्या दातांच्या प्रमाणाची खालची मर्यादा देतात. मोटर असताना ती ओलांडू नये. आम्ही ती तपासूनच चक्री मागवली. तीन खाचांची ही चक्री दोन्ही कंपन्यांच्या बहुतेक हबना बसते.

काम दुपारभर चाललं. आधी गिअरच्या केबलची डबी आणि आतली बारीक दांडी काढायची, मगच नट सैल करायचे. नाहीतर दांडी वाकते. ब्रेकची केबल सोडवायची, चाक उतरवायचं. चक्री एका गोल तारेच्या कडीने अडकवलेली असते. ती पातळ पेचकसाने उचकटताना डोळ्यावर चष्मा हवा, कडी उडते. नवी चक्री बसवताना तिचा वाकडा भाग पूर्वीसारखाच ठेवायचा, म्हणजे चेन सरळ रेषेत राहते. चार दाते वाढले म्हणून चेनला दोन कड्या जोडल्या. खरी पंचाईत केली ती त्या डच चेनकव्हरने. मोठी चक्री आत घासू लागली, तेव्हा कव्हर थोडं बाहेर सरकवावं लागलं. शेवटी गिअर दोनवर ठेवून डबीच्या खिडकीतली पिवळी खूण दोन रेघांच्या मधोमध आणली.

वेग मोजणारा सेन्सर चाकावर असल्याने मोटरची मर्यादा होती तीच राहिली. आपल्या नियमात 0.25 किलोवॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या अशा सायकलला नोंदणी लागत नाही. शिवाय तिसऱ्या गिअरमध्ये मिनिटाला 60 फेऱ्यांना पूर्वी ताशी सुमारे 23 किलोमीटर व्हायचे, आता 19 होतात. सत्तरीत तेवढे पुरेत, असं मला वाटलं.

बाबांना नाही. चढ आता ते बसूनच चढतात, पण मलाजखंडकडच्या सरळ रस्त्यावर पाय फार भरभर फिरवावे लागतात, अशी तक्रार परवाच फोनवर आली. "वीस दातांची मिळते का रे?"