इंजिनाचं तोंड कुठल्या रंगाचं?

रेल्वेची हौस असलेल्या माणसानं वर्ध्यात राहावं. पिपरी मेघेतून दुचाकी काढली की थोड्याच वेळात जंक्शन येतं. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशाचे दोन मोठे लोहमार्ग इथे एकमेकांना भेटतात. नागपूरकडून येताना सेवाग्रामजवळ, म्हणजे जुन्या वर्धा ईस्टजवळ, एक वाट बडनेऱ्याकडे वळते आणि दुसरी बल्लारशाकडे. त्यामुळे गाझियाबाद, लालागुडा, संत्रागाची, भुसावळ अशा कुठकुठल्या शेडची इंजिनं समोरून जातात. नीट पाहिलं तर एकाच जातीच्या दोन इंजिनांची तोंडंही क्वचितच तंतोतंत सारखी दिसतात.

तसं पाहिलं तर सगळं ठरलेलं असतं. प्रवासी गाड्या ओढणारं डब्ल्यूएपी-७ पांढरं, त्याच्या कमरेला लाल पट्टा. मालगाड्यांचं डब्ल्यूएजी-९ हिरवं, त्यावर पिवळा पट्टा. जुनं डब्ल्यूएपी-४ लाल, त्यावर क्रीम. नंबरवरूनही जातीचा अंदाज येतो: आकडा २२ने सुरू झाला तर बहुधा डब्ल्यूएपी-४, ३०ने सुरू झाला तर बहुधा डब्ल्यूएपी-७, ३१ने सुरू झाला तर डब्ल्यूएजी-९. डब्ल्यूएजी-९चं तंत्रज्ञान एबीबी कंपनीकडून आलं. चित्तरंजनच्या कारखान्यात ते घडू लागलं तेव्हा तिथल्या पहिल्या इंजिनाचं नाव ठेवलं ‘नवयुग’, साल १९९८. या जातीचं एक मोठं माहेर म्हणजे आपल्या नागपूरचं अजनी शेड. शेडची खूण एक्यू. इंजिनाच्या अंगावर नंबराजवळ शेडचं नाव असतंच, आणि कधी ते थेट कपाळावरही लिहिलेलं सापडतं.

मग फरक पडतो कुठे? एक तर उन्हात. विदर्भाच्या उन्हाळ्यात उघड्यावर उभं राहणाऱ्या पत्र्याचा हिरवा टिकेल किती? नव्या इंजिनाचा पोपटी झगझगीत असतो, तर काही वर्षं धावलेल्याचा मळक्या शेवाळ्यासारखा झालेला. लाल विटतो तो गुलाबीकडे झुकतो. पांढऱ्याची गत सगळ्यात वाईट: ब्रेकची लोखंडी धूळ बसते, तिला पावसात गंज चढतो आणि डब्ल्यूएपी-७ गुडघ्यापर्यंत तांबूस होतं. बल्लारशाच्या बाजूनं कोळसा आणि सिमेंट वाहणाऱ्यांच्या अंगावर तर धुळीचा आणखी एक थर.

दुसरा फरक डागडुजीचा. ढोर आडवं आलं की पुढचा पत्रा दबतो. तो ठोकून सरळ करतात, वर हाताशी असेल तो रंग मारतात. मूळ रंगाच्या डब्याशी तो जुळेलच असं नाही. एका बाजूचं तोंड ताजं आणि दुसऱ्या बाजूचं विटकं, अशी इंजिनं मला विशेष आवडतात. इंजिनाला दोन्ही टोकांना कॅब असते, म्हणजे तोंडंही दोन, आणि ती एकत्र म्हातारी होत नाहीत.

मोठी दुरुस्ती निघाली की इंजिन कारखान्यात जातं. मध्य रेल्वेत त्यासाठी भुसावळचा विद्युत इंजिन कारखाना आहे. रंगाऱ्याचं खरं कसब दिसतं ते तोंडावर. बाजूचा सपाट पत्रा कुणीही रंगवेल. समोर मात्र काचा, हेडलाइट, खालचे मार्कर दिवे, दांडे, पायऱ्या, बफर. जुना रंग खरवडायचा, खड्ड्यांत पुट्टी भरायची, काचपेपरनं घासायचं, अस्तर द्यायचं, मग चिकटपट्टी लावून पट्ट्याची रेघ धरायची. बाजूचा पट्टा कोपऱ्यावर वळून समोर येतो तिथे रेघ बोटभर जरी खाली-वर झाली तरी फलाटावरून दिसते. त्यावर फवाऱ्यानं रंगाचा एक हात, वाळला की दुसरा.

हे सगळं चालकासाठी नाही. तो आत बसतो, त्याला स्वतःच्या इंजिनाचं तोंड दिसतच नाही. ते दिसायला हवं रुळावर काम करणाऱ्या ट्रॅकमनला आणि फाटकावरच्या माणसाला. वाफेचं इंजिन कोसावरून ऐकू यायचं. विजेचं बरंच जवळ येईपर्यंत कळत नाही. ब्रिटनच्या रेल्वेनं १९६०च्या दशकात इंजिनांची तोंडं पिवळी करायला घेतली ती याच कारणानं.

जमिनीखाली हिशेब बदलतो. भुयारात उजेडच नाही, तिथे समोरून दिसतो तो दिवा. रंग उपयोगी पडतो तो फलाटावर आणि डेपोत. लंडनच्या भुयारी रेल्वेनं १९५२पासून बिनरंगाचे ॲल्युमिनियमचे डबे आणले. रंगाचा खर्च वाचला, वजनही घटलं. पण १९८०च्या दशकात पोरांनी त्या उघड्या पत्र्यावर फवारे मारून चित्रं काढली आणि ती घासून काढताना पत्र्याची दुर्दशा होऊ लागली. शेवटी डबे पुन्हा रंगवले: लाल, पांढरा, निळा; त्यात चालकाच्या बाजूचं तोंड लाल. वाचवलेला खर्च असा परत आला.

नागपूरची मेट्रो २०१९च्या मार्चमध्ये सुरू झाली. तिचे डबे चीनच्या दालियान शहरातून आले. ती बहुतांशी खांबांवरून धावते, भुयारातून नाही. भुयारी मेट्रोसाठी आपल्याला पुण्याला किंवा मुंबईला जावं लागतं. एकूणच मेट्रोच्या गाड्यांचं तोंड म्हणजे बहुतेक वेळा साच्यातून काढलेला फायबरचा मुखवटा, त्यावर रंगीत पट्टी. सगळ्या गाड्या एकसारख्या. व्यवस्थापनाला ते बरं वाटत असेल. मला त्यात ओळख पटावी असं काही सापडत नाही.

त्याहून वाईट ते जाहिरातीचं आवरण. इंजिनाला वरपासून खालपर्यंत कुठल्याशा मालाच्या चित्रात गुंडाळतात. मग ते अजनीचं की गाझियाबादचं, हे शोधायला नंबर वाचावा लागतो, आणि तो वाचून होईस्तोवर गाडी पुढे गेलेली असते. रेल्वेला त्यातून पैसे मिळतात हे मान्य. निदान तोंड तरी सोडावं.