रेझोल्यूट–ग्रीस फ्योर्ड हवाई अंतर

कॅनडाच्या नूनव्हुट प्रदेशातील अतिउत्तरेकडील दोन इन्युइट (एस्किमो) वसाहतींमधील अंतर. रेझोल्यूट (लोकसंख्या १८३–२०२१) कॉर्नवॉलिस बेटावर ७४° ४२' उ. व ९४° ५०' प. येथे वसले आहे. ग्रीस फ्योर्ड (१४४–२०२१) ही कॅनडातील सर्वांत उत्तरेकडील नागरी वसाहत एल्झमीअर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर ७६° २५' उ. व ८२° ५४' प. येथे आहे. दोहोंमधील हवाई अंतर सु. ३८० किमी. आहे.

पृथ्वीपृष्ठावरील दोन स्थळांमधील किमान अंतर बृहद्वृत्तावरून मोजतात. पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या प्रतलाने तिच्या पृष्ठावर होणारे वर्तुळ म्हणजे बृहद्वृत्त होय. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सु. १११ किमी. भरतो, परंतु रेखावृत्ते ध्रुवाकडे एकत्र येत असल्याने ७५° अक्षवृत्तावर तो सु. २९ किमी. इतकाच उरतो. त्यामुळे या दोन वसाहतींच्या रेखांशांत सु. १२ अंशांचा फरक असूनही त्या परस्परांपासून फार दूर नाहीत. मर्केटर प्रक्षेपावर काढलेल्या नकाशात मात्र या अक्षांशावरील अंतरे जवळजवळ चौपट ताणलेली दिसतात. म्हणून विषुववृत्तासाठी दिलेले प्रमाण लावून येथील अंतर मोजता येत नाही.

दोन्ही वसाहतींना जोडणारा रस्ता नाही. वर्षातील बहुतेक काळ समुद्र गोठलेला असतो व मालवाहू जहाजे केवळ उन्हाळ्याच्या अखेरीस येतात. त्यामुळे टपाल, ताजे अन्न व रुग्ण यांची ने-आण विमानावरच अवलंबून असते. ग्रीस फ्योर्डची खडीची धावपट्टी सु. ५०० मी. लांबीची व डोंगरांनी वेढलेली असल्याने तेथे ट्विन ऑटरसारखी आखूड धावपट्टीवर उतरणारी लहान विमानेच वापरतात. त्यांना हे अंतर कापण्यास सु. दीड तास लागतो. तथापि धुके, वारा वा हिमवादळ यांमुळे उड्डाणे वारंवार रद्द होतात. चुंबकीय ध्रुवाच्या सान्निध्यामुळे होकायंत्र विश्वसनीय नसते, म्हणून वैमानिक खऱ्या उत्तर दिशेच्या आधारे मार्ग ठरवतात.

या अंतराला मानवी इतिहासाचीही बाजू आहे. १९५३ व १९५५ मध्ये कॅनडा शासनाने क्वीबेकमधील इनुकजुआक येथील इन्युइट कुटुंबांना सु. २,००० किमी. उत्तरेस या भागात आणून वसविले. त्यांच्या साहाय्यासाठी पाँड इनलेट येथील काही कुटुंबेही आणली गेली. आपल्याला निरनिराळ्या ठिकाणी उतरविले जाणार आहे, हे १९५३ च्या कुटुंबांना जहाजावर आल्यानंतर कळले व आप्तांची ताटातूट झाली. दोन वर्षांनी परत नेण्याचे आश्वासनही पाळले गेले नाही. कॅनडा शासनाने २०१० मध्ये याबद्दल जाहीर क्षमायाचना केली. आज दीड तासात पार होणारे अंतर त्या कुटुंबांच्या दृष्टीने प्रदीर्घ वियोगाचे ठरले. दुर्गम प्रदेशातील अंतराचे खरे माप किलोमीटरांइतकेच उपलब्ध साधनांवरही अवलंबून असते, हे यावरून दिसून येते.