उघडता येणारं पेन

महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळची शाळा सुटली, की आमच्या प्रयोगशाळेतल्या बेसिनमधून निळं पाणी वाहायला लागतं. आठवी-नववीतली दहा-बारा मुलंमुली पेनं धुवायला रांगेत उभी असतात. टोपण एकीकडे, निबचा भाग दुसरीकडे, नळी नळाखाली. पाणी निळ्याचं फिकट आणि फिकटाचं स्वच्छ होईपर्यंत धुवायचं, मग जुन्या सुती फडक्यावर उलटं ठेवायचं. पेन वाळेपर्यंत घरी जायचं नाही, हा नियम. त्या अर्ध्या तासात जेवढ्या गप्पा होतात, तेवढ्या वर्षभराच्या तासांना होत नाहीत.

ही पेनं मी केलेली आहेत. मी विज्ञान शिकवतो. पेन करणं हा माझा व्यवसाय नाही, आणि विकलेलं तर एकही नाही. एबोनाइटच्या दांड्यातून वर्षाला सात-आठ पेनं निघतात आणि ती मुलांकडे जातात.

सुरुवात कचऱ्यापासून झाली. नववीला प्रकल्प दिला होता : महिनाभर वर्गातला सुका कचरा साठवायचा आणि त्याचं वर्गीकरण करायचं. महिनाअखेरीस संपलेल्या बॉलपेनांनी एक खोकं भरलं. एका मुलीनं त्यातलं एक उचलून मागचं बूच काढायचा प्रयत्न केला. नखानं निघेना, तेव्हा दातानं ओढलं.

‘‘सर, हे उघडतच नाही. मग रिफिल कशी बदलायची?’’

‘‘बदलायची नाही. संपलं की टाकायचं.’’

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘मग हे पेन कुठलं सर, नुसती रिफिलच की!’’

त्या संध्याकाळी मी घरचा खण धुंडाळला. वडिलांचं काळं शाईचं पेन त्यात होतं, नळीला उभी चीर गेलेली. तेवढी नळी नवी मिळेल का, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. इंजिनांचे आणि पंपांचे सुटे भाग करणाऱ्या त्या गल्ल्यांत एका वयस्कर टर्नरनं पेन हातात घेतलं, आटे डोळ्याजवळ नेऊन पाहिले आणि म्हणाला, ‘‘सर, बुशच आहे की हे. आटे तेवढे जपायचे.’’ नळी करून झाली. पैसे द्यायला गेलो तर म्हणाला, ‘‘पुढच्या रविवारी या, तुम्हीच करून बघा.’’ त्यानंतरचे दोन वर्षांचे रविवार त्याच्या लेथपाशी गेले.

दांड्यापासून पेनापर्यंत

एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबर. नैसर्गिक रबरात तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत गंधक मिसळून ते बराच वेळ तापवलं, की लवचिकपणा जाऊन शिसवीसारखा कठीण, काळाभोर पदार्थ तयार होतो. चार्ल्स गुडइयर यांचे भाऊ नेल्सन यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. प्लॅस्टिक यायच्या आधी वाद्यांची मुखं, बॅटरीच्या पेट्या, विजेची उपकरणं आणि पेनं यांत ते सर्रास वापरलं जाई. शाईनं ते खराब होत नाही, हाताला थंड लागत नाही आणि लेथवर लोण्यासारखं कापलं जातं. उन्हात ठेवलं मात्र, की काळ्याचं हिरवट-तपकिरी होतं.

साधारण १६ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचे तीन तुकडे करायचे : टोपण, नळी आणि बोटांत धरायचा पुढचा भाग. नळीला साडेनऊ मिलिमीटरचं भोक पाडायचं, पण घाई करायची नाही. एबोनाइट उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे ड्रिलची धग भोकातच कोंडते, बुरा चिकटतो आणि सगळ्या खोलीला जळक्या रबराचा वास येतो. थोडं आत जायचं, बाहेर यायचं, बुरा झाडायचा. मग टॅप-डायनं आटे. टोपणाला एकाऐवजी तीन आटे शेजारीशेजारी पाडले, तर ते एका-दीड फेऱ्यात बसतं. शेवटी ओला पॉलिश पेपर, चारशे नंबरपासून दोन हजारपर्यंत, आणि मग बफ.

लेथला मुलांचा हात लागत नाही. फिरत्या चकजवळ ओढणी, सैल बाही, मोकळे केस चालत नाहीत. पॉलिश करणं, जोडणी आणि पहिली शाई भरणं मात्र ज्याचं पेन त्यानंच करायचं. निब आणि तिच्याखालची जीभ मी तयार घेतो. निब स्टीलची, टोकाला कठीण मिश्रधातूचा बारीक मणी. जीभ एबोनाइटची असेल, तर ती गरम पाण्यात बुडवून निबला अंगालगत दाबून बसवावी लागते. दोघींत फट राहिली, की पेन मुकं.

शाई येते कशी?

फाउंटन पेनला मराठीत ‘झरणी’ असा गोड शब्द मिळाला होता. तो रुजला नाही. पण शास्त्र म्हणून पाहिलं, तर शाई झरत नाही, ती ओढली जाते. हे फळ्यावर सांगून पटत नाही. म्हणून काचेच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, एका कडेला त्यांच्यामध्ये काडेपेटीतली काडी ठेवायची, दुसरी कड चिकटवायची आणि रबरबँड लावून रंगीत पाण्यात उभ्या करायच्या. काडीच्या बाजूला पाणी जेमतेम चढतं आणि फट जिथं निमुळती होते तिथं उंच जातं. मुलं हा वळसा पाहून आधी चकित होतात, मग भांडतात. फट अरुंद तितकी ओढ जास्त. जिभेच्या खाचेतून निबच्या चिरेत, चिरेतून कागदाच्या तंतूंत, असा शाईचा प्रवास रुंदाकडून अरुंदाकडे होतो.

अडचण हवेची. नळीतून शाईचा थेंब बाहेर पडला, की तेवढीच हवा आत यायला हवी, नाहीतर आत पोकळी होऊन शाई अडते. आणि हवा एकदम आली, तर शाई भसकन पानावर. पॅरिसमध्ये शिकणाऱ्या पेत्राके पोएनारू या रुमानियन तरुणानं १८२७ मध्ये शाई साठवणाऱ्या पेनाचं फ्रेंच पेटंट घेतलं होतं. पण शाई बाहेर आणि हवा आत, हा व्यवहार सुरळीत चालवणारी जीभ न्यूयॉर्कच्या ल्युइस वॉटरमन यांच्या १८८४ च्या पेटंटानंतर बाजारात स्थिरावली. विमा उतरवताना करारावर शाई सांडली आणि म्हणून वॉटरमननी पेन शोधलं, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापलेली असते. तिला पुरावा नाही. मुलांना मी गोष्टही सांगतो आणि पुरावा नसल्याचंही सांगतो.

जिभेच्या खालच्या अंगाला कंगव्यासारखे दाते असतात, तेही कामाचे. पेनातली शाई पाव भागावर आली, की उरलेल्या जागेतली हवा हाताच्या उबेनं प्रसरण पावते आणि शाईला ढकलते. जास्तीची शाई त्या दात्यांत थांबते. दात्यांनाही ती झेपली नाही, की शर्टाच्या खिशावर वायूंच्या प्रसरणाचा चार्ल्सचा नियम निळ्या अक्षरांत उमटतो.

माझ्या पहिल्या पाच पेनांनी तो उमटवलाच, पण दोष चार्ल्सचा नव्हता. नळी आणि पुढचा भाग यांच्यातले आटे मी सैल पाडले होते. ड्रॉपरनं थेट नळीत शाई भरायची पद्धत असल्यानं एका वेळी तीन-साडेतीन मिलिलिटर शाई आत मावते. आजच्या छोट्या कार्ट्रिजमध्ये मिलिलिटरभरही नसते. गळती झाली, तर थोडक्यात आटपत नाही. घटक चाचणीच्या दिवशी एका मुलाचं दप्तर, डबा आणि गणवेश निळा झाला. दुसऱ्या दिवशी त्याची आई शर्ट घेऊनच आली. ‘‘सर, दोनदा धुतला. पेन चांगलंय हो, पण शर्ट एकच आहे.’’ मी पाचही पेनं परत घेतली, पुढचे भाग नव्यानं केले आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावायला शिकलो. शर्टही नवा दिला. त्या मुलानं त्याच पेनानं दहावी केली.

वर्ध्याहून आलेलं पत्र

हातानं पेन करणं ही आपल्या देशाला नवी गोष्ट नाही. गोदावरी आपल्याकडून निघून आंध्रात समुद्राला मिळण्याआधी राजमहेंद्रीवरून जाते. त्या गावात सोनारकाम करणारे के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशीच्या ओढीनं १९३२ च्या सुमारास पेनं करायला घेतली. त्यांचं पेन अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या हस्ते गांधीजींकडे पोचलं. कुमारप्पा तेव्हा वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम पाहत होते. १६ जुलै १९३५ च्या पत्रात गांधीजींनी रत्नम यांचे आभार मानले आणि पेन वापरून पाहिलं, बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटतं, असं कळवलं. त्या घराण्यात आजही लेथवर एबोनाइटची पेनं होतात. पुढे हैदराबाद, चेन्नई, तिरुवल्लूर इथेही अशी हातची पेनं करणारी घरं उभी राहिली.

शाईची गोष्ट तर आपल्या मुंबईची. दि. प. आणि गो. प. दांडेकर या भावांनी १९३१ मध्ये ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून सुरुवात केली, आणि त्यातून पुढे कॅम्लिन झालं. ‘कॅमल’च्या शाईची बाटली ठाऊक नाही, असं पन्नाशीपुढचं मराठी घर सापडणं कठीण.

शाळांनीही पेनं घडवली आहेत. जर्मनीच्या पेलिकान कंपनीनं १९६० मध्ये ‘पेलिकानो’ हे शाळकरी पेन आणलं, ते शिक्षकांशी सल्लामसलत करून. फ्रान्समध्ये वर्गात बॉलपेनला अधिकृत परवानगी मिळाली, ती १९६५ मध्ये. तोवर तिथल्या मुलांची बोटं आपल्यासारखीच निळी-जांभळी होत.

अक्षराचं काय?

पालक विचारतात, ‘‘सर, यानं अक्षर सुधारतं का हो?’’ हमी मी देत नाही. बॉलपेनची शाई दाट असते, मणी फिरायला दाब द्यावा लागतो, म्हणून मुलं पेन आवळून धरतात. शाईच्या पेनाला दाब चालत नाही. दाबलं तर निब फाकते. त्यामुळे पकड सैल होते, एवढं मी नक्की सांगतो. पुढचं काम कित्त्याचं.

निब बारीक घ्यावी की मध्यम, याचं उत्तर मात्र समर्थांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. बरू कसे निवडावेत इथपासून सगळा तपशील त्यात आहे. आणि एक सल्ला खास आहे : तरुणपणी फार बारीक लिहिलेलं म्हातारपणी वाचता येत नाही, म्हणून मध्यम लिहावं. हे वाचल्यापासून मी मध्यम निबच बसवतो. चाळिशी लागल्यावर समर्थांचं म्हणणं जास्तच पटतं.

पेन कुणाला?

पहिल्या वर्षी मी चूक केली. पहिल्या पाच नंबरांना पाच पेनं दिली. त्यांतली तीन घरच्या शोकेसमध्ये गेली. बक्षिसाचं पेन कोण वापरणार? तेव्हापासून नंबराचा संबंध तोडला. ज्याला पेन हवं त्यानं तीन गोष्टी करून दाखवायच्या : पेन पूर्ण उघडायचं, धुऊन परत जोडायचं आणि शाई न सांडता भरायची. जमलं नाही तर पुढच्या शनिवारी पुन्हा. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, सायकलची चेन स्वतः बसवणारी मुलं यात पहिल्या झटक्यात पास होतात. वर्षभर ‘तुला काही येत नाही’ हे ऐकलेल्या मुलाकडे हुशार मुलं ‘माझी निब बसवून दे ना’ म्हणत येतात, तेव्हा वर्गातली उतरंड जरा हलते. माझ्या दृष्टीनं या सगळ्या खटाटोपाची कमाई ती.

दुसरी अट : पेन बिघडलं तर लपवायचं नाही, घेऊन यायचं. निब वाकली, टोपण तडकलं, आटे गेले, काहीही असो. टोपण नवं करता येतं, निब बदलता येते. ज्या मुलीनं ‘नुसती रिफिलच की’ म्हटलं होतं, ती आता पदवीला आहे. तिच्या पेनाची निब दोनदा बदलली, टोपण एकदा. ‘‘सर, आता यात जुनं काय राहिलं?’’ असं तिनं विचारलं. मी म्हटलं, ‘‘नळी. आणि तू.’’

यंदा लक्ष्मीपूजनाला वह्यांसोबत दौत-लेखणी मांडाल, तेव्हा घरातला तो खण उघडून पाहा. आजोबांचं, आईचं, कुणाचं तरी सुकलेलं पेन तिथं असेल. आटे अडले असतील तर जोर लावू नका. टोपण काढून निबचा भाग वाटीभर साध्या पाण्यात रात्रभर ठेवा. गरम पाणी नको, एबोनाइटचा रंग उतरतो. सकाळी पाणी निळं झालेलं असेल. ते बदला, आणखी एक रात्र ठेवा. मग शाई भरा, पण फाउंटन पेनचीच. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई आत सुकली की जीभ कायमची बुजते. आणि हे सगळं एकट्यानं करू नका. घरातल्या लहान मुलाला शेजारी बसवा आणि पेन त्याच्या हातून उघडू द्या.