ब्रेक जड लागतोय? घाट उतरायच्या आधी बूस्टर तपासा

गणपती जवळ आले की नायगाव, परळ, लालबागचे चाकरमानी स्वतःच्या गाड्या घेऊन गावाकडे निघतात. मुंबईच्या गर्दीत गाडी हळू चालते, त्यामुळे ब्रेक थोडा जड झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. खरी परीक्षा होते ती परशुराम किंवा कुंभार्ली घाटात, भरल्या गाडीने उतरताना. ब्रेक जड होण्याचं एक मोठं कारण म्हणजे ब्रेक बूस्टरची गळती.

बूस्टर म्हणजे काय?

बोनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला, ब्रेक ऑइलच्या डबीमागे एक काळा गोल डबा दिसतो. तोच बूस्टर. आत रबरी पडदा असतो. इंजिन पाइपाने या डब्यातली हवा ओढून घेतं. डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. पाय दाबला की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलला जातो. आठ इंची पडद्यावर हा जोर दोनशे किलोच्या आसपास जाऊ शकतो. पाइपावर एक वॉल्व्ह असतो. विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह पाणी मागे जाऊ देत नाही, तसा हा हवा मागे येऊ देत नाही.

घरच्या घरी तपासणी

गाडी सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करा.

१. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून गाडी चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. हललंच नाही तर दोष आहे.

२. इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा. थोडं थांबून ब्रेक दाबा. पहिल्याच दाबाला पेडल कडक लागलं तर हवा कुठून तरी शिरतेय.

३. चालू गाडीत ब्रेक दाबून धरा आणि इंजिन बंद करा. अर्ध्या मिनिटात पेडल पाय वर ढकलू लागलं तर गळती आहे.

पेडलजवळ सतत फुसफुस आवाज येणं, ब्रेक दाबल्यावर इंजिन अडखळणं, ही पण लक्षणं. पेडल मऊ लागून खाली बसत असेल तर मात्र दोष बहुधा ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये असतो.

दुरुस्ती

आधी स्वस्तातलं बघा. पाइप चिरलाय का, उंदराने कुरतडलाय का, क्लिप ढिली आहे का, वॉल्व्हचं रबर कडक झालंय का. वॉल्व्ह काढून फुंकर मारा, हवा एकाच बाजूने गेली पाहिजे. पाइप बदलताना ब्रेकचाच घ्या. साधा पेट्रोलचा पाइप ओढीने आत चपटतो. २०१८ च्या मे महिन्यात मारुती सुझुकीने ५२,६८६ नवीन स्विफ्ट व बलेनो गाड्या याच व्हॅक्यूम पाइपच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. म्हणजे गाडी नवी आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

पडदाच फाटला असेल तर पूर्ण बूस्टर बदलावा. एम-सील, सोल्यूशनचं ठिगळ इथे चालत नाही. बाहेर कुठे गळत नसताना ब्रेक ऑइल कमी होत असेल तर मास्टर सिलिंडरचं सील गेलंय का, हेही मेकॅनिकला बघायला सांगा. ते तेल बूस्टरमध्ये उतरतं आणि नवा पडदाही खराब करतं. बूस्टर बसवताना दांड्याचं माप जुळलं पाहिजे. दांडा लांब राहिला तर ब्रेक धरून राहतात, आखूड राहिला तर पेडल जास्त खाली जातं. ऑइलचे पाइप उघडले असतील तर हवा काढून घ्यावी.

घाटात हे विसरू नका

पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करू नका. साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळाच हलका ब्रेक लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. वाटेत बूस्टर गेलाच तरी ब्रेक पूर्ण जात नाही, फक्त पायाचा जोर कितीतरी जास्त लागतो. दोन्ही पायांनी दाबून धरा, एक-एक करून खालचा गिअर टाका, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि गाडी कडेला घ्या. दुरुस्तीशिवाय पुढे जाऊ नका.