यंत्राचे वाचन आणि आपली नीरा

अक्षरे ओळखणे वेगळे आणि वाचलेले समजणे वेगळे. महाजालावरील हवा तो शब्द संगणक क्षणात शोधून देतो. परंतु त्या मजकुरातून ज्ञान कसे मिळवावे, हे त्याला शिकवावे लागते. ते कसे शिकवतात?

अमेरिकेत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये 'नेल' नावाचा प्रयोग सुरू केला. शहर, नदी, खेळाडू असे काही वर्ग आणि प्रत्येकाची दहा-पंधरा उदाहरणे एवढीच शिदोरी संगणकाला दिली व महाजालावरील कोट्यवधी पाने रात्रंदिवस वाचण्यास सोडून दिले.

त्याची रीत आपल्या भागातील उदाहरणाने समजेल. मोरगाव हे तीर्थक्षेत्र आहे, एवढेच यंत्राला ठाऊक आहे असे समजा. 'मोरगाव, जेजुरी यांसारखी तीर्थक्षेत्रे' हे शब्द वाचताच जेजुरीही तीर्थक्षेत्र असावे, असे ते ताडते. पुढे 'यांसारखी तीर्थक्षेत्रे' ही खूण धरून ते आणखी नावे शोधते आणि त्या नावांवरून नव्या खुणा. पहिल्या ६७ दिवसांत नेलने २,४२,००० हून अधिक विधाने जमवली. त्यांपैकी सुमारे ७४ टक्के बरोबर असावीत, असा अंदाज होता.

उरलेल्यांचे काय? महाजालावरील 'कुकीज' म्हणजे खाण्याची बिस्किटेच, असे नेलने मानले होते! आपल्याकडे 'नीरा' शब्दाने असाच घोटाळा होईल. नीरा नदी इंदापूर तालुक्यात नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. नीरा नावाचे गाव आहे आणि नीरा हे पेयही आहे. इंदापूर तर रायगड जिल्ह्यातही आहे. म्हणून यंत्राला बंधने घालावी लागतात: जी नदी आहे, ती पेय असू शकत नाही. अनेक वर्ग एकत्र शिकवले की ते एकमेकांच्या चुकांना आवर घालतात.

मराठीत आणखी एक अडचण. इंदापूर, इंदापुरात, इंदापूरकर ही रूपे एकाच नावाची, हे यंत्राला कळायला पुष्कळ मराठी मजकूर हवा. पुण्याच्या 'एल-थ्री-क्यूब' गटाने २०२२ मध्ये महाजालावरून २ कोटी ४८ लाख मराठी वाक्ये गोळा करून अभ्यासकांना खुली केली.

तथापि, यंत्र वाचते ते लिहिलेलेच. भिगवणच्या मच्छीमारांचे जाळ्यांविषयीचे शब्द, निमगाव केतकीच्या पानमळ्यांतील बोली जर कोणी लिहिलीच नाही, तर कितीही वेगवान संगणकाला ती कळणार नाही; आणि कोणी चुकीचे लिहिले, तर तेच तो खरे मानील. मराठी विकिपीडिया २००३ पासून सर्वांना खुला आहे. आपल्या गावाची माहिती विचारून, पडताळून, सन-साल नोंदवून तेथे लिहिणे, हे कला शाखेच्या विद्यार्थ्याला सहज जमणारे काम आहे. यंत्राचा गुरू होण्यास संगणकशास्त्राची पदवीच हवी, असे नाही.